पोरके पिल्लू कळपात कसे मिसळावे

आषाढातल्या एका सकाळी आमच्या परसातली एक गावठी कोंबडी मुंगसाने नेली. तिच्यामागे चार पिल्ले होती. दुपारपर्यंत शोधाशोध करून त्यांतले एकच सापडले, तेही चिऱ्याच्या गडग्याच्या फटीत अंग चोरून बसलेले. वय जेमतेम तीन आठवडे. ते आमच्याच खुराड्यात, आमच्याच अंड्यातून निघालेले होते आणि आदल्या संध्याकाळपर्यंत त्याच सात कोंबड्यांच्या पायांतून बिनदिक्कत फिरत होते. त्यामुळे त्याला परत त्यांच्यात सोडले की झाले, अशी आमची समजूत होती. सोडल्यावर पहिल्या मिनिटातच तांबड्या कोंबडीने त्याच्या डोक्यावर चोच मारली; ते पळाले तशी काळी मागे लागली, आणि खुराड्याच्या कोपऱ्यात ते अडकल्यावर तिसरीही आली. आम्ही उचलले तेव्हा टाळूवरची कातडी रुपयाएवढी सोलवटली होती.

आदल्या दिवशी चालणारे पिल्लू एका रात्रीत परके कसे झाले, हा प्रश्न तेव्हा पडला. त्याचे उत्तर समजून घेतले, तर जुन्या कळपात नवे पिल्लू आणताना करावी लागणारी बहुतेक कामे आपोआप त्यातूनच सुचतात. उत्तर थोडक्यात असे की, कोंबड्यांनी त्या पिल्लाला कधी आपले मानलेलेच नव्हते. त्या फक्त त्याच्या आईला वचकून होत्या.

कोंबड्यांच्या कळपात प्रत्येकीची पायरी ठरलेली असते. दाण्यावर आधी कोण येणार, रात्री दांडीवरची आतली जागा कोणाची, सावलीतल्या धुळीत आधी कोण लोळणार, हे सारे त्या पायरीवर ठरते. वरची खालचीला चोच मारते, खालची उलट मारत नाही, बाजूला होते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोर्लाइफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण करून ही उतरंड 1922 साली जर्मन भाषेतल्या शोधनिबंधात मांडली, आणि पुढे माणसांच्या कचेऱ्यांबद्दल बोलतानाही लोक ती कल्पना वापरू लागले. ही उतरंड नेहमी सरळ शिडीसारखी नसते. कधी पहिली दुसरीला दाबते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी मात्र पहिलीला, असा त्रिकोणही त्यांना दिसला होता. वरवर ही व्यवस्था क्रूर वाटते, पण तिचा उपयोग भांडणे टाळण्यासाठीच असतो. कोण वरचढ हे एकदा ठरले की रोज दाण्यासाठी लढावे लागत नाही. तांबडीने नुसती मान उंचावली तरी काळी दोन पावले मागे सरते.

ही व्यवस्था चालते ती ओळखीवर. कोंबडी दुसरीला मुख्यतः डोक्यावरून, म्हणजे तुरा, चेहरा आणि गळ्याभोवतालच्या पिसांवरून ओळखते. कळपात सात-आठ जणी असतील तर प्रत्येकीला प्रत्येकीची पायरी पक्की ठाऊक असते, आणि म्हणूनच नवे डोके दिसले की त्याची पायरी ठरवल्याशिवाय कोणालाच चैन पडत नाही. आजारी म्हणून दोन-तीन आठवडे वेगळी ठेवलेली जुनी कोंबडी परत आणली, तर तिच्याही वाट्याला बऱ्याचदा हेच येते. इथे एक खुलासा करायला हवा. पाचशे-हजार पक्ष्यांची शेड चालवणारे ओळखीचे गृहस्थ आपल्याला सांगतात की, ‘आम्ही तर नवी पाखरे सरळ सोडून देतो, काही होत नाही.’ ते खोटे बोलत नसतात. एवढ्या गर्दीत प्रत्येकीला ओळखणे कोंबडीच्या आवाक्याबाहेरचे असते, त्यामुळे ती परक्याकडे दुर्लक्ष करायला शिकते. सात कोंबड्यांच्या परसाला तो सल्ला लागू पडत नाही. छोटा कळप परक्याच्या बाबतीत अधिक कडक असतो.

पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज असलेल्या तांबड्या रानकोंबड्यांतही छोटे कळपच असतात, आणि त्यांत पिल्लू येते ते आईच्या मागूनच. खुडूक उठलेली, म्हणजे अंडी उबवून पिल्लांसह बाहेर पडलेली कोंबडी, एरवी खालच्या पायरीची असली तरी त्या पाच-सहा आठवड्यांत पिसे फुलवून कोणाच्याही अंगावर जाते. तिच्या आडोशाने पिल्ले मोठ्यांच्या सवयी पाहतात, कोणापासून किती लांब राहायचे ते शिकतात, आणि आई त्यांना टोचून दूर करू लागते तोपर्यंत पळण्याइतकी मोठी झालेली असतात. बाहेरून एकटे पिल्लू येऊन कळपात शिरते, असा प्रसंग निसर्गात जवळजवळ येतच नाही. त्यामुळे कोंबडीला त्याच्याशी कसे वागावे याची उपजत समज असावी, अशी अपेक्षा करणेच चूक आहे.

म्हणून ‘कळप पिल्लाला स्वीकारेल’ ही कल्पना मनातून काढून टाकलेली बरी. कळप त्याला तळाची पायरी देईल, आणि ती देताना चोची बसतीलच. त्या पूर्ण थांबवण्याच्या नादाला लागले की आपण पिल्लाला कायमचे वेगळे ठेवून बसतो. आपले खरे काम दोनच गोष्टींचे आहे: हरलेल्या पिल्लाला पळून जायला वाट राहील अशी जागा करणे, आणि पळता येईल एवढे ते मोठे होईपर्यंत थांबणे.

यातून सुटण्याचा एक फार सोपा मार्ग आहे, तो आधी सांगतो. पिल्लू एक ते तीन दिवसांचे असेल आणि घरात खुडूक बसलेली कोंबडी असेल, तर सगळे काम तिच्यावर सोपवावे. अंड्यांवर बसून तिचे निदान दोन, शक्यतो तीन आठवडे झालेले असावेत, कारण अंडी उबायला 21 दिवस लागतात आणि त्या सुमारास तिचे मन पिल्लांच्या चिवचिवाटाला तयार होत असते. काम रात्री करावे. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही आणि ती शांत असते. कंदील किंवा टॉर्च न लावता, हात हळूच तिच्या पोटाखाली सरकवून पिल्लू ठेवावे आणि तितकीच अंडी काढून घ्यावीत. पिल्लू तिच्या पिसांत दडले आणि ती घशातल्या घशात बारीक आवाजात ‘कुक् कुक्’ करू लागली, म्हणजे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे उजाडताना होते, म्हणून पहाटे तिथे जाऊन बसावे. काही कोंबड्या उजेडात परके पिल्लू पाहून टोचतात, आणि तसे दिसताच ते उचलून घ्यावे लागते. चार-पाच दिवसांहून मोठ्या पिल्लाबाबत हा प्रयोग सहसा फसतो. कोंबडी नाही म्हणत नसली तरी पिल्लूच तिला आई मानत नाही. आमचे पिल्लू तीन आठवड्यांचे होते आणि कोणी खुडूकही नव्हती, त्यामुळे आम्हाला लांबचाच रस्ता धरावा लागला.

पिल्लू घरचे नसून बाहेरून आणलेले असेल, तर त्याआधी आणखी एक टप्पा येतो. अनेक घरांत पहिले पिल्लू येते ते जत्रेतून किंवा आठवडी बाजारातून, पाटीत भरलेल्या हिरव्या-गुलाबी रंगाच्या पिल्लांतून, मुलाच्या हट्टापायी. ती बहुतेक अंड्यांच्या जातीची नर पिल्ले असतात. अंडी न देणारी आणि मांसासाठीही फारशी न वाढणारी म्हणून ती उबवणी केंद्रातून कवडीमोलाने बाहेर पडतात; रंग, ऊन आणि उपासमार यांनी आधीच अर्धमेली झालेली असतात. वनराज, गिरीराज, कावेरी अशी परसासाठी तयार केलेली सुधारित जातीची पिल्ले उबवणी केंद्रातून घेतली, तर निदान पहिल्या दिवसाची लस टोचलेली असण्याची शक्यता असते. ती टोचली आहे का, हे घेतानाच विचारून घ्यावे. कुठूनही आणले तरी नव्या पक्ष्याला जुन्या कळपापासून निदान तीन-चार आठवडे पूर्ण वेगळे ठेवावे. वेगळे म्हणजे शेजारच्या पिंजऱ्यात नव्हे. भांडी वेगळी, शक्य तर चपलाही वेगळ्या, आणि दाणापाणी करताना आधी निरोगी कळपाचे, मग नव्याचे.

रोग दोन्ही बाजूंनी येतो, हे इथे लोक विसरतात. नवे पिल्लू मानमोडी आणू शकते. याच रोगाला पुस्तकात राणीखेत म्हणतात, आणि ते नाव उत्तराखंडातल्या त्या थंड हवेच्या गावावरून पडले आहे. एकदा हा रोग शिरला, तर लस न दिलेले आख्खे खुराडे चार-आठ दिवसांत रिकामे करतो. उलट बाजूने, धडधाकट दिसणाऱ्या जुन्या कोंबड्या मरेक्ससारख्या रोगाचा विषाणू पिसांच्या कोंड्यातून पसरवत असतात. त्यांना स्वतःला काही होत नाही, पण कोवळ्या पिल्लाचे पाय लुळे पडतात. मरेक्सची लस अंड्यातून निघाल्यावर पहिल्याच दिवशी द्यायची असते. मानमोडीची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात, साधारण चार आठवड्यांनी ती पुन्हा देतात, आणि आठ-दहा आठवड्यांच्या सुमारास टोचण्याची लस असते. अडचण अशी की लसीची बाटली शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची येते, आणि पाण्यात कालवल्यावर ती तास-दोन तासांत संपवावी लागते. एका पिल्लासाठी कोण ती आणणार? वाडीतल्या पाच-सहा घरांनी एक दिवस ठरवून, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून, सगळ्यांच्या कोंबड्यांना एकदम लस द्यावी, हाच त्यावरचा व्यवहार्य तोडगा.

रक्ती हगवणीचा मामला थोडा वेगळा आहे. व्यवसायातली माणसे तिला ‘कॉक्सी’ म्हणतात. तिचे जंतू मोठ्या कोंबड्यांच्या विष्ठेत थोडेफार असतातच, आणि मोठ्यांना त्यांची सवय झालेली असते. हे जंतू जमिनीवर पडल्यावर त्यांना ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ते रोग देण्याइतके तयार होतात, म्हणजे कोकणातला पावसाळा त्यांच्यासाठी जणू मुद्दाम केलेली सोय आहे. तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लाला याचा धोका सर्वांत जास्त. पण त्याला या जंतूंपासून पूर्ण दूर ठेवणेही शहाणपणाचे नाही, कारण थोडे थोडे पोटात जाऊनच प्रतिकारशक्ती येते. म्हणून खाली अंथरलेले तूस कोरडे ठेवायचे, ओले झालेले रोज काढायचे, आणि पिल्लाला मोठ्यांच्या जमिनीची ओळख थोडी थोडी, उघडीप असेल त्या दिवशी करून द्यायची. पिल्लू पंख सोडून, पिसे फुगवून एका जागी उभे राहिले आणि विष्ठेत रक्त दिसले, तर घरगुती उपाय करत बसू नये. पाण्यातून द्यायचे औषध डॉक्टर त्याच दिवशी देतात आणि वेळेत दिले तर पिल्लू वाचते.

आता ऊब. पहिल्या आठवड्यात पिल्लाला सुमारे 35 अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचे. थर्मामीटर नसला तरी पिल्लू स्वतःच सांगते. दिव्याखाली अंग चोरून जोरात ओरडत असेल तर थंडी वाजते आहे. दिव्यापासून लांब, चोच उघडी टाकून बसले असेल तर उकडते आहे. अंगावरची लव जाऊन खरी पिसे भरायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि ती भरेपर्यंत त्याला पावसाळी रात्री दिव्याशिवाय खुराड्यात ठेवता येत नाही. वयाचा हिशोब करताना ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुष्कळ जण पिल्लू ‘आता चपळ झाले’ म्हणून चौथ्या आठवड्यातच सोडून देतात आणि मग ते गारठून गेले की कोंबड्यांनी मारले याचाही पत्ता लागत नाही.

एकट्या पिल्लाची ऊब केवळ दिव्याने भागत नाही, हे आमच्याही उशिरा लक्षात आले. मोठ्या खोक्यात, दिव्याखाली, दाणापाणी समोर असताना ते दिवसभर त्या एका उंच, ताणलेल्या स्वरात ओरडत राही. पिल्लू आईपासून किंवा भावंडांपासून तुटले की काढते तोच हा आवाज. माणूस जवळ बसला की ते गप्प होई, आणि लवकरच ते माणसालाच आई समजू लागेल अशी चिन्हे दिसू लागली. अशा पिल्लाला पुढे कोंबड्यांची भाषाच नीट येत नाही. वरचढ कोंबडीने मान उंचावली तर सरकायचे असते, हे त्याला ठाऊक नसते. पाचव्या दिवशी शेजारच्या वाडीतून त्याच वयाचे एक पिल्लू आणले. नव्याला वेगळे ठेवण्याचा नियम आम्ही तिथे मोडला. त्या घरच्या कोंबड्या आम्ही रोज पाहत होतो आणि धोका पत्करण्याजोगा वाटला, एवढेच त्याचे समर्थन. दोघांनी अर्धा तास एकमेकांना छातीने ढकलले, आणि रात्री एकमेकांच्या मानेवर मान टाकून झोपली. ओरडणे त्या रात्री थांबले. जुन्या कळपात एकाऐवजी दोन पिल्ले सोडली तर चोची वाटल्या जातात, आणि पिल्लांना पळतानाही सोबत असते. शक्य असेल तर एकटे पिल्लू कधीच सोडू नये.

पुढचा टप्पा जाळीआडचा, आणि सगळ्यात उपयोगाचा हाच. पिल्ले आणि मोठ्या कोंबड्या एकमेकांना पाहू शकतील, आवाज ऐकू शकतील, पण चोच पोहोचणार नाही, अशी सोय दोन आठवडे तरी करायची. परसात एका कोपऱ्याला जाळी लावली तरी पुरते. जाळीची भोके अर्ध्या इंचाची असावीत. बाजारात ‘कोंबडीजाळी’ म्हणून मिळणाऱ्या षटकोनी जाळीतून उंदीर, साप शिरतात आणि मुंगूस ती सहज वाकवते. जाळी जमिनीत वीतभर गाडावी, वरूनही झाकावी, कारण घार आणि कावळा दोघांनाही पिल्लू दिसले की राहवत नाही. पहिल्या दिवशी मोठ्या कोंबड्या जाळीपाशी गर्दी करतात, माना ताणून पाहतात, एखादी जाळीवर चोच आपटते. चार-सहा दिवसांनी त्यांचा रस ओसरतो. जाळीच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी दाणे टाकावेत, म्हणजे शेजारी शेजारी खाण्याची सवय होते. तांबडी जाळीला पाठ करून धुळीत लोळताना दिसली, त्या दिवशी आम्ही पुढच्या टप्प्याचा विचार सुरू केला. नुसते दिवस मोजण्यापेक्षा ही खूण अधिक भरवशाची.

वय मात्र किती असावे? पिसे पूर्ण भरलेली असावीत, म्हणजे आठ आठवड्यांच्या आत तर नाहीच. परस मोठे असेल आणि लपायला जागा भरपूर असेल, तर आठ-दहा आठवड्यांची पिल्ले निभावून नेतात. खुराडे लहान आणि अंगण तटबंद असेल, तर तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, आकाराने मोठ्यांच्या जवळपास येईपर्यंत, म्हणजे तीन-साडेतीन महिने थांबणे बरे. माझे मत विचाराल तर घाई करून वाचलेला एक महिना कोणाच्याच कामाला येत नाही.

जागेचा हिशोब करताना खुराड्यात दर मोठ्या कोंबडीमागे चार चौरस फूट आणि बाहेर दहा चौरस फूट असा ढोबळ अंदाज धरतात. पण चौरस फुटांपेक्षा जागेचा आकार महत्त्वाचा. जिथे पिल्लू शिरले तर बाहेर पडायला दुसरी वाट नाही, असा प्रत्येक कोपरा म्हणजे सापळा. आमच्या खुराड्याचा तो कोपरा आम्ही दगड लावून बुजवला. अंगणात एक जुना बाकडा आडवा टाकला, फणसाच्या खोडाला झापे तिरपे टेकवून ठेवले, म्हणजे नजरेआड होता यावे. पाठलाग करणारी कोंबडी समोरचे पिल्लू दिसेनासे झाले की बहुधा तिथेच थांबते आणि दाणे टिपू लागते.

सगळ्यांत जास्त उपयोग मात्र एका जुन्या डालग्याचा झाला. एरवी कोंबडी डालून ठेवायला वापरतात तो बांबूचा मोठा उपडा डाल तीन विटांवर ठेवला, म्हणजे त्याच्या कडेखाली सगळीकडून चार-साडेचार इंचांची फट राहिली. पिल्ले पळत येऊन त्या फटीतून सुर्रकन आत जात. तांबडी मागोमाग येऊन छातीने डाल ढकलून पाही, मान आत घालून पाही आणि मग काही घडलेच नाही अशा थाटात पाय झटकत निघून जाई. आत पिल्लांचे खाद्य आणि पाणी ठेवलेले असे. पिल्ले वाढली तशी आम्ही विटा उभ्या करून फट थोडी वाढवली, आणि शेवटी तांबडीही आत शिरू शकेल इतकी ती झाली, तोवर डालाची गरज संपली होती.

खाद्य डालाखाली ठेवण्याला आणखी एक कारण आहे. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या तयार खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. पिल्लाला साधारण एक टक्काच लागते, आणि जास्तीचे कॅल्शियम त्याच्या मूत्रपिंडांना कायमची इजा करते. उलट, मोठ्या कोंबड्यांनी पिल्लांचे खाद्य खाल्ले तर त्यांचे फारसे बिघडत नाही, फक्त अंड्यांची कवचे पातळ होतात. म्हणून दोन्ही गट एकत्र असताना सगळ्यांना वाढत्या पिल्लांचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा; ज्यांना गरज असते त्या कोंबड्या तो आपणहून खातात. पिल्लांच्या काही खाद्यांत रक्ती हगवणीवरचे औषध मिसळलेले असते. ते मोठ्यांनी खाल्ले तर औषधाचा अंश अंड्यात उतरू शकतो, तेव्हा पोत्यावरची चिठ्ठी वाचूनच खाद्य घ्यावे. गावाकडे बऱ्याच घरी कोंबड्या तांदळाच्या कण्या आणि खरकटे यांवरच असतात. मोठ्यांचे त्यावर चालते, पिल्लाचे नाही. त्याला पहिले दोन महिने सुमारे 20 टक्के प्रथिने असलेले खाद्य हवे.

प्रत्यक्ष एकत्र सोडायची वेळ संध्याकाळची निवडावी, अंधार पडायला तासभर असताना आणि मोठ्यांची पोटे भरलेली असताना. सोडायचे खुराड्यात नाही, मोकळ्या अंगणात. दाणे दोन-तीन ठिकाणी लांब लांब टाकावेत, म्हणजे एकच कोंबडी सगळीकडे राखण करू शकत नाही. आपण तिथेच बसावे, पण प्रत्येक चोचीला उठू नये. चोच मारली, पिल्लू ओरडून बाजूला झाले, कोंबडी पुन्हा दाण्याकडे वळली, तर ती पायरी ठरवण्याची चोच. ती बसू द्यावी. पिल्लू पळाल्यावरही कोंबडी अंगणभर मागे लागत असेल, दोघी-तिघी मिळून घेरत असतील, पाठीवर चढून मानेची पिसे धरून ओढत असतील, तर लगेच हस्तक्षेप करावा. आणि रक्त दिसले तर पिल्लू एका क्षणात उचलायचे, कारण लाल रंग दिसला की ज्या कोंबड्यांचे त्याच्याशी काहीच वैर नाही त्याही तिथे टोचू लागतात. जखमेवर जांभळे औषध लावावे. त्याने जंतू मरतात आणि लालपणाही झाकला जातो.

एकच कोंबडी सारखी त्रास देत असेल, तर आपण सहसा पिल्लाला काढून घेतो. ते उलटे आहे. पिल्लू बाहेर काढले की ते पुन्हा परके होते आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. त्याऐवजी त्या दांडगट कोंबडीलाच चार-पाच दिवस डालून, बाकीच्यांच्या नजरेआड ठेवावे. तिच्या गैरहजेरीत उरलेल्यांची उतरंड नव्याने बसते, आणि परत आल्यावर तिला स्वतःची जागा शोधायची असल्यामुळे पिल्लाच्या मागे लागायला फुरसत राहत नाही. आमच्या तांबडीला असे दोनदा डालावे लागले. पहिल्या वेळी आम्ही दोनच दिवसांत दया येऊन तिला सोडले होते आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता.

रात्रीची जागा शेवटी. झोपलेल्या कळपात गुपचूप पिल्लू ठेवले की सकाळी कोंबड्यांना ते जुनेच वाटते, असे पुष्कळ जण सांगतात. दिवसाची ओळख आधी झालेली असेल तर रात्री दांडीवर ठेवणे सोपे जाते, एवढेच त्यात खरे. ओळख नसेल तर खरा धोका पहाटे असतो. उजाडलेले असते, कोंबड्या जाग्या झालेल्या असतात, आणि खुराड्याचे दार उघडायला आपण अजून उठलेलो नसतो. त्या अर्ध्या तासात पिल्लाला पळायला कुठेच वाट नसते. म्हणून पहिले पंधरा दिवस पिल्ले खुराड्यातच पण जाळीआड झोपवावीत, आणि त्यानंतर एकत्र ठेवल्यावर काही दिवस तांबडे फुटण्याआधी उठून दार उघडावे. कोंबडा असेल तर त्याची फारशी काळजी नको, बहुतेक कोंबडे पिल्लांकडे दुर्लक्ष करतात आणि काही तर दाणा दिसला की त्यांनाही बोलावतात. पिल्लू नर निघाले तर प्रश्न पाच-सहा महिन्यांनी उभा राहतो, आणि सात कोंबड्यांत दोन कोंबडे नांदत नाहीत, हे आधीच गृहीत धरलेले बरे.

आमची दोन्ही पिल्ले माद्या निघाल्या. जाळीआडून त्या गणपती होऊन गेल्यावर बाहेर आल्या, आणि दिवाळीत दांडीच्या टोकाला, भिंतीकडून वारा लागतो त्या सर्वांत वाईट जागी, एकमेकींना चिकटून झोपू लागल्या. शेजारून आणलेली थोडी धीट होती, ती नाताळापर्यंत काळीच्या शेजारी सरकली. पोरकी मात्र टोकालाच राहिली. जानेवारीत तिने पहिले अंडे दिले, तेव्हा तिचा तुरा लाल होऊन बाजूला कलला होता आणि टाळूवरच्या जुन्या जखमेच्या जागी पिसे उलटी उगवली होती, ती अजून तशीच आहेत. दाणे टाकले की ती आजही सगळ्यांत शेवटी येते. तांबडीने मान उंचावली की दोन पावले मागे सरते, बाकड्याला वळसा घालते आणि पलीकडून येऊन खायला लागते.